उष्णतेचा भाग परबबाईंचा

परबबाई कुठल्याही वस्तूला आधी उलटा हात लावायच्या. प्लग काढण्याआधी प्लगला, बसण्याआधी उन्हातल्या बाकाला, चहाच्या ग्लासला, दुसऱ्याच्या मोबाइलला, आणि आम्ही विद्यार्थी जरा गप्प दिसलो की आमच्या कपाळाला. "तळवा भांडी घासून, डबे उघडून निबर झालेला असतो," त्या म्हणायच्या. "हाताची मागची बाजू अजून भोळी आहे. ती खोटं बोलत नाही."

मी पीएचडीसाठी त्यांना पहिल्यांदा भेटायला गेले, तेव्हा त्यांनी माझ्याआधी माझ्या लॅपटॉपची चौकशी केली. अंधेरीतल्या आमच्या संस्थेत त्यांची खोली दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागूनच होती. मी टेबलावर लॅपटॉप उघडला, आणि त्यांनी त्याच्या खाली हात सरकवला.

"एवढा का तापलाय?"

"जुना आहे, मॅडम."

"जुन्या वस्तू हळू चालतात. उगाच तापत नाहीत. काय चालू आहे ह्याच्यात?"

"काही नाही."

"काही चालू नाही आणि तापलाय, मग तर बघायलाच हवं. जा, बाहेर बसून शोध."

मी बाहेरच्या बाकावर बसून शोधत राहिले. शेवटी सापडलं. सकाळी बोरिवलीहून निघण्याआधी आईने माझ्या लॅपटॉपवर एक पाककृतीचा व्हिडिओ लावला होता, तो मागच्या बाजूला आपला आवाज बंद ठेवून पुन्हा पुन्हा चालूच होता. मी आत जाऊन कबूल केलं.

"कसली पाककृती?"

"सुरळीच्या वड्या."

"बस. आता भौतिकशास्त्राचं बोलू. आणि मला मॅडम म्हणू नकोस. मॅडम म्हणजे साडीच्या दुकानात जिच्यापुढे ढीग टाकतात ती. मी बाई."

बाई वाढल्या त्या घाटकोपरला, असल्फ्याच्या टेकडीवर, पत्र्याच्या एका खोलीत. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर एका सोसायटीत वॉचमन झाले आणि तिथल्याच कुणाची तरी जुनी पुस्तकं मुलीसाठी आणू लागले. मे महिन्यात दुपारी तो पत्रा असा तापायचा, की आई जमिनीवर पाणी शिंपून त्यावर ओलं धोतर पसरायची आणि बाई त्यावर पालथ्या पडून अभ्यास करायच्या. "पत्र्याखाली वाढलेल्या माणसाला उष्णतेची ओळख करून द्यावी लागत नाही," एवढंच त्या त्याबद्दल म्हणायच्या. गरिबीच्या गोष्टी सांगणं त्यांना आवडत नसे. पुढे नोकरी लागल्यावर त्यांनी मुलुंड पूर्वेला लहानसा फ्लॅट घेतला. वडील त्यात फार दिवस राहिले नाहीत. मग बाई आणि त्यांची आई, अशा दोघीच. लग्नाबद्दल कुणी विचारलं तर "राहून गेलं" म्हणायच्या, गॅसवर दूध राहून गेलं म्हणावं तसं.

त्यांचं काम काय होतं ते मला सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्यातून घडलं. संगणकात माहिती साठवायला इवलेसे चुंबक वापरता येतात. इतके लहान, की एका केसाच्या रुंदीत शेकडो मावतील. चुंबकाचं तोंड वर असलं तर 'हो', खाली असलं तर 'नाही'. हे तोंड फिरवायचं ते विजेचा प्रवाह सोडून. जितक्या कमी विजेत ते फिरेल तितकं चांगलं, आणि जगभरात त्यासाठी शर्यत चालू आहे. पण अडचण अशी, की इतक्या बारीक पट्टीतून वीज गेली की ती पट्टी तापते. आणि तापलेला चुंबक सैल पडतो, जरा धक्का लागला तरी फिरतो. मग चुंबक फिरला तो तुमच्या युक्तीमुळे की नुसत्या तापल्यामुळे? हे वेगळं काढणं फार अवघड. बाईंनी उमेदीची सगळी वर्षं त्या एका प्रश्नावर घातली होती.

त्यांनी हा प्रश्न घरच्या भाषेत आणून ठेवला होता. मालवणी घरात बिडाच्या तव्यावर घावन घालतात. तवा नीट तापलेला असला की घावन कडेने आपसूक सुटतं. "आणि लोक उलथन्याचं कौतुक करतात," बाई म्हणायच्या. सेमिनारमध्ये एखादा पाहुणा झगझगीत आलेख दाखवून थांबला, की मागच्या रांगेतून बाईंचा हात वर जाई. "छान आहे. फक्त एक सांगा, हे उलथनं की तवा?" परप्रांतातून आलेल्या पाहुण्याला काही कळायचं नाही, मग त्या इंग्रजीत समजावून सांगायच्या. तोपर्यंत बिचाऱ्याने समोरची पाण्याची बाटली संपवलेली असे. त्यांना उद्धट म्हणणारे पुष्कळ होते. त्यांचा प्रश्न चुकीचा आहे असं म्हणणारा मात्र मला कुणी भेटला नाही.

शनिवारी अर्धा दिवस काम करून त्या कधी कधी मला घेऊन खारदांड्याला जायच्या. मुलुंडला काय मासे मिळत नाहीत? पण एका ठरावीक कोळणीकडूनच घ्यायचे, हा हट्ट. तिथेही उलटा हात चालूच. पापलेटाच्या पोटाला, मग कल्ल्यांजवळ, मग पुन्हा पोटाला.

"हात काय लावतंस गो सारखी? डॉक्टरीण हायेस काय?" कोळीण एकदा वैतागली.

"आहे," बाई म्हणाल्या. "हा कालपासून बर्फात झोपलाय. आजचा दाखव."

कोळणीने कपाळाला हात लावला, आणि टोपलीच्या तळातून आजचा काढून दिला.

आमच्या प्रयोगशाळेत माझ्याआधीचा विद्यार्थी होता अनिकेत. उंच, वेंधळा, केस कायम कपाळावर, आणि हाताला जादू. जे नमुने इतरांच्या हातून दहा वेळा फुटायचे ते त्याच्या हातून पहिल्या फटक्यात सुखरूप उतरायचे. बाई त्याला 'चिरंजीव' म्हणायच्या. त्याची आई तो शाळेत असतानाच गेली होती. बाईंनी हे कधी बोलून दाखवलं नाही, पण दर आठवड्याला त्याला मुलुंडला जेवायला घेऊन जायच्या. बाईंच्या आईचा त्याच्यावर फार जीव. आम्ही सगळे त्यांना आजी म्हणायचो. अनिकेत आला की आजी मोरी माशाचं मटण करायच्या आणि तो नको नको म्हणत असताना वाढतच राहायच्या. "खा रे. हाडांका मांस नाय तुझ्या. हे सगळे चुंबकच खातत काय तुका?"

एका पावसाळ्याच्या शेवटी अनिकेतच्या नमुन्यात एक विलक्षण गोष्ट दिसली. त्याने पट्टीचा आकार डमरूसारखा केला होता, दोन्ही टोकं रुंद आणि मध्ये अरुंद कंबर. त्या कंबरेतला चुंबक इतक्या कमी विजेत फिरत होता, की आमचा आधी विश्वासच बसेना. बाईंनी नेहमीप्रमाणे मान हलवली. "तवा. तवाच असणार." मग त्या स्वतः उष्णता मोजायला बसल्या. तार तापली की तिचा विजेला होणारा रोध वाढतो, म्हणजे पट्टीच स्वतःचं तापमान सांगते. त्या पद्धतीने त्यांनी पुन्हा पुन्हा मोजलं, गणितं केली, आणि एके दिवशी दुपारी आमच्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं हसू होतं.

"चिरंजीव, तापतंय, पण थोडंच. तेवढ्याने चुंबक फिरणार नाही. हे उलथनं आहे रे!"

अनिकेतने चक्क त्यांना उचललं. बाई ओरडल्या, "अरे सोड, मेल्या, कंबर जाईल माझी!"

पेपर मोठ्या नियतकालिकात छापून आला. वर्तमानपत्रांत 'डॉ. नंदा परब' म्हणून बाईंचा फोटो आला, डोळे मिटलेला. संचालकांनी पेढे वाटले. नवीन यंत्रं यायची ठरली. अनिकेतला युरोपातल्या एका नावाजलेल्या प्रयोगशाळेत जागा मिळाली. तो जायच्या आधी बाईंनी आम्हा सगळ्यांना मनोरीला नेलं. मार्व्याहून खाडी ओलांडायला तरीत बसलो. आजीही आल्या होत्या, तरीच्या कडेला हात घट्ट धरून. त्या दिवशी बाई किनाऱ्यावर ओल्या वाळूत पाय पसरून बसल्या होत्या आणि अनिकेतला सांगत होत्या, तिकडे थंडीत कान झाक, फ्रिजमधलं कोंबडं आठवडाभर खाऊ नकोस, आणि जो सांगेल त्याचं ऐकू नकोस, मोजून बघ. अनिकेत म्हणाला, "बाई, मी परत येईन. तुमच्याच लॅबमध्ये." त्या म्हणाल्या, "गाढवा, स्वतःची काढ." पण त्यांचे डोळे भरून आले होते. आजींनी ते पाहिलं आणि तोंड समुद्राकडे वळवलं.

तो गेल्यावर माझ्या प्रबंधाचं काम सुरू झालं. काम साधं होतं. अनिकेतचाच नमुना, फक्त खालचा आधार वेगळा घ्यायचा. त्याचे नमुने सिलिकॉनवर होते आणि मध्ये ऑक्साइडचा एक थर होता. मी नीलमण्याच्या चकतीवर करायचे. नीलमणी उष्णता भराभर वाहून नेतो. त्याने फारसा फरक पडू नये, अशी अपेक्षा होती.

माझा चुंबक फिरेना. अनिकेतएवढी वीज सोडली, फिरला नाही. दुप्पट केली, नाही. मी पुन्हा नमुने केले, पुन्हा तेच. मी बाईंना सांगायला गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "तुझं काहीतरी चुकतंय, शलाके. सावकाश कर." मी सावकाश केलं. मग त्या स्वतः माझ्या शेजारी स्टूल ओढून बसल्या. अख्खी दुपार आम्ही मोजत राहिलो. मोजमाप संपल्यावर त्यांनी अनिकेतचे जुने नमुने कपाटातून काढायला सांगितले आणि त्यांत विजेचे अगदी छोटे छोटे ठोके सोडून बघितले, म्हणजे पट्टीला तापायला वेळच मिळू नये. लांब ठोक्याला अनिकेतचा चुंबक लगेच फिरत होता. छोट्या ठोक्याला तो ढिम्म.

बाईंनी तोच छोटा ठोका आणखी एकदा सोडून बघितला. मग म्हणाल्या, "तुझं चुकलेलं नाही."

"मग अनिकेतचं?"

"त्याचंही नाही. त्याने जे दिसलं ते मोजलं." त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "माझं चुकलंय. त्या पेपरमधला उष्णतेचा भाग माझा होता."

मग त्यांनी मला समजावलं, शांतपणे, वर्गात शिकवावं तसं. पट्टीने सांगितलेलं तापमान अख्ख्या पट्टीचं होतं. रुंद, गार टोकं धरून त्याची सरासरी निघत होती. कंबर आत भाजत होती आणि टोकांच्या गारव्यात ते झाकलं जात होतं. बाई धरून चालल्या होत्या, की कंबरेची उष्णता खालच्या आधारात निघून जाईल. पण तो ऑक्साइडचा थर गोधडीसारखा होता. उष्णता जागच्या जागी कोंडून राहत होती. "आयुष्यभर दुसऱ्यांचे तवे बघत फिरले गं," त्या म्हणाल्या. "माझ्याच चुलीवर नजर गेली नाही. मला ते खरं व्हायला हवं होतं ना. म्हणून गेली नाही."

एवढं बोलून त्या उठल्या आणि डबा न खाताच घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला समोर बसवून अनिकेतला स्पीकरवर फोन लावला. तिकडे सकाळ होती. त्याचा आवाज आनंदाचा होता. बाईंनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाल्या, "पेपर मागे घ्यायला हवा, चिरंजीव."

पलीकडून आवाज आला, "बाई, थांबा ना थोडं. पुढच्या वर्षी माझी जागा पक्की व्हायची आहे. इथले सगळे मला त्याच पेपरवरून ओळखतात."

"माहीत आहे."

"मग सहा महिने थांबा. आपण दुरुस्ती छापू. दुसऱ्या कुणाला कळलेलंसुद्धा नाही अजून."

"आपल्याला कळलंय ना रे. तिकडे लोक आपला पेपर वाचून नमुने बनवायला लागलेत. त्यांची पोरं रात्रंदिवस मरमर करतील आणि म्हणतील आमचंच काहीतरी चुकतंय. ह्या शलाकाला वाटत होतं तसं."

"तुमचं काय जातंय, बाई?" त्याचा आवाज चढला. "तुम्ही रिटायर व्हाल. वाट माझी लागेल. चूक तुमची आणि वाट माझी!"

बाई म्हणाल्या, "खरं आहे. चूक माझी. मी तसंच लिहिणार आहे."

फोन पलीकडून बंद झाला. बाईंनी तो टेबलावर पालथा ठेवला आणि मला म्हणाल्या, "घाबरलाय. राग मानू नकोस त्याचा."

संचालकांनी त्यांना बोलावून घेतलं. मी बरोबर कागद घेऊन गेले होते, म्हणून ऐकलं. ते म्हणाले, "अहो बाई, दुरुस्ती छापा, मागे कशाला घेता? संस्थेची शोभा होईल." बाई म्हणाल्या, "सर, मलमपट्टी जखमेला करतात. इथं माणूसच गेलाय." पेपर मागे घेतल्याच्या निवेदनात त्यांनी स्पष्ट लिहिलं, की उष्णतेचा अंदाज एकट्या त्यांनी काढला होता, तो चुकीचा होता, आणि विद्यार्थ्याची मोजमापं बिनचूक आहेत. मग त्यांनी अनिकेतच्या तिकडच्या प्रमुखांना स्वतः फोन करून तेच सांगितलं. संकोचाने, पण एकेक शब्द सुटा सुटा करून. "ही इज द बेस्ट पेअर ऑफ हँड्स आय हॅव सीन," असं त्या शेवटी म्हणाल्या. हा फोन त्यांनी केल्याचं अनिकेतला सांगायचं नाही, अशी मला ताकीद होती. त्याची जागा राहिली. पण त्यानंतर त्याने बाईंना फोन केला नाही.

इथं मात्र पडझड झाली. नवीन यंत्रं दुसऱ्या गटाकडे गेली. आमची अर्धी प्रयोगशाळा रिकामी करून घेतली. आणि काही दिवसांनी सेमिनारमध्ये ते घडलं. बाईंनी आमचं नवं काम मांडायला घेतलं होतं, अरुंद कंबरेचं तापमान नेमकं कसं ओळखावं याचं. सुरुवात करतात न करतात तोच मागच्या रांगेतून एका सहकाऱ्याने हात वर केला. पूर्वी बाईंच्या प्रश्नाने त्यांचा घाम काढला होता.

"बाई, एक विचारू? मागच्या खेपेला ते काय होतं हो? उलथनं की तवा?"

सगळे हसले. मोकळं, साठवून ठेवलेलं हसू. माझे कान तापले. बाईंनी हसू थांबेपर्यंत वाट बघितली.

"तवा," त्या म्हणाल्या. "पुढचा आलेख बघा."

आणि त्यांनी व्याख्यान पुरं केलं. आवाज जराही हलला नाही. जिन्यात मात्र कठड्याला धरून थोड्या थांबल्या. मी पुढे झाले तर म्हणाल्या, "काही नाही गं. पोटात दुखतंय जरा."

ते दुखणं बरेच महिने चालू होतं, हे मला नंतर कळलं. प्रत्येक वस्तूला हात लावून बघणाऱ्या बाईंनी स्वतःला तेवढं बघितलं नव्हतं. डॉक्टरांकडे गेल्या तेव्हा स्वादुपिंडाचा कर्करोग पसरलेला होता. त्यांनी मला हे प्रयोगशाळेत, नमुने पुसता पुसता सांगितलं आणि लगेच म्हणाल्या, "तुझा प्रबंध आधी उरकू."

उरकला. शेवटची प्रकरणं मी मुलुंडला त्यांच्या पलंगाशी बसून वाचून दाखवली. त्या डोळे मिटून ऐकायच्या. मला वाटायचं झोप लागली, आणि मग आवाज यायचा, "हे वाक्य फार शूर आहे. जरा भितं कर." आजी दारात उभ्या राहायच्या. लेकीच्या खोलीत उगाच यायच्या, पाण्याचं भांडं उचलायच्या, परत तिथंच ठेवायच्या. ऐंशी ओलांडलेली ती म्हातारी दिवसभर शेगडीपाशी काहीबाही रटरटत ठेवायची, आणि बाई दोन चमच्यांपलीकडे खात नसत. "गोड लागला नाय काय गो?" त्या विचारायच्या. "लागलं ना, आई. ठेव. संध्याकाळी खाते."

एकदाच, माझ्याकडे न बघता, बाईंनी विचारलं, "तो बरा आहे ना तिकडे?" मी म्हटलं बरा आहे, परवाच त्याचं काहीतरी छापून आलंय. "उष्णता बघितलीय का त्यात?" मी म्हटलं, बघितलीय, दोन पानं भरून. त्यांनी समाधानाने मान हलवली. मी घरी येऊन अनिकेतला लिहिलं, बाई आजारी आहेत, फार दिवस नाहीत. त्याचं उत्तर आलं नाही.

बाई एका सकाळी गेल्या. आजी त्यांचे केस विंचरत होत्या. आजींना ते लगेच कळलं नाही. वेणी पुरी घालून झाल्यावर कळलं.

समाचाराला संस्थेतले बरेच जण आले. तो प्रश्न विचारणारे सहकारीही आले आणि कोपऱ्यात मान खाली घालून बसले. कुणीतरी कुणालातरी हलक्या आवाजात म्हणालं, "त्या चुकलेल्या पेपरने खाल्लं हो बाईंना." आजी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांना ऐकू कमी येतं असं सगळे धरून चालायचे. तसं ते नव्हतं.

महिना उलटून गेल्यावर अनिकेत आला. विमानतळावरून थेट माझ्याकडे आला, आणि मी त्याला घेऊन मुलुंडला गेले. वाटेत तो सांगत होता, की माझा निरोप त्याने रोज उघडून वाचला होता. फोन हातात घेऊन बसायचा आणि काय बोलावं ते सुचायचं नाही. मी त्याला बाईंनी त्याच्या प्रमुखांना केलेल्या फोनबद्दल सांगितलं. ताकीद देणारं माणूस आता नव्हतं. तो रिक्षाच्या बाहेर बघत राहिला.

आजींनी दार उघडलं, त्याला बघितलं, आणि त्याच्या दंडाला धरून आत घेतलं. "इलंस रे बाबा? बारीक झालंस." त्याच्यासाठी पाणी आणलं. तो खाली जमिनीवर, त्यांच्या पायांशी बसला. मग आजी म्हणाल्या, "तू शिकलेलो आसस. तू तिच्या वांगडा काम करी होतंस. माका खरा सांग. भेटूक इलेले लोक म्हणत होते, माझ्या नंदाचा चुकला म्हणान. चुकला काय रे तिचा?"

मी मधे बोलणार होते. अनिकेतने हाताने थांबवलं.

"चुकलं होतं, आजी."

आजींनी डोळे मिटले.

"कोणी शोधून काढल्यान?"

"त्यांनीच. शलाका मोजत होती, तिला दिसलं काहीतरी. पण काय चुकलंय ते बाईंनीच ओळखलं. जगात दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं." त्याचा आवाज फुटला. "मी म्हटलं होतं, नका सांगू. माझं नुकसान होईल, नका सांगू. मी वाट्टेल ते बोललो त्यांना."

"आणि तिना सांगल्यान?"

"सगळ्यांना. आणि सगळं स्वतःवर घेतलं."

खालच्या रस्त्यावरून भाजीवाल्याची हाक वर येऊन गेली. मग आजींनी अनिकेतच्या डोक्यावर हात ठेवला, आणि एखादा हिशेब कुणीतरी उगाच अवघड करून ठेवलाय अशा आवाजात म्हणाल्या,

"मगे चुकला खंय?"

अनिकेत त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडायला लागला. आजींनी त्याला रडू दिलं. थोड्या वेळाने जमिनीला हात टेकून त्या उठल्या, भिंतीच्या आधाराने स्वयंपाकघरात गेल्या. भांड्याचा आवाज आला, मग आतून हाक आली.

"भात वायंच जास्त घालू काय रे?"

तो शर्टाच्या बाहीने तोंड पुसत होता. मीच म्हटलं, "घाला, आजी."